बादलीतले जांभळे पाणी

यंदाच्या भस्म बुधवारची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत आलो आणि अंगावरचे जांभळे मिस्सावस्त्र उतरवले, तेव्हा आतल्या पांढऱ्या आल्बच्या दोन्ही खांद्यांवर व मानेभोवती जांभळे डाग उमटलेले दिसले. उकाडा होता, गर्दी होती आणि वेदीजवळचा पंखा नेमका त्याच दिवशी बंद पडला होता. घाम येणारच. वस्त्र तसे नवे. दोनच महिन्यांपूर्वी धार्मिक वस्तूंच्या दुकानातून मीच स्वस्त पाहून आणलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात बादलीभर पाण्यात ते भिजत घातले. घटकाभरात पाणी पिकल्या जांभळासारखे झाले. दोनदा पाणी बदलले, तरी तीच कथा. आमच्या चर्चची झाडलोट करणारी मावशी बादली उचलायला आली आणि थबकली.

"फादर, हे पाणी कुठे ओतू? माडाच्या बुडाशी नको ना?"

प्रश्न साधा होता. मात्र या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार मी फार पूर्वीच गमावला आहे, याची त्या क्षणी मला तीव्रतेने जाणीव झाली. कसा, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

माझे वडील गिरणगावातल्या एका कापड गिरणीत रंगखात्यात होते. आई, आजी आणि आम्ही भावंडे गावी; वडील आठवडाभर मुंबईत आणि शनिवारी रात्रीच्या गाडीने घरी. गाडीतून उतरून ते घरात शिरत ते थेट मोरीत. प्रथम ब्लिचिंग पावडर, मग पुडीतून आणलेला हायड्रोस. रंग उडवायचे हे जहाल औषध कापडासाठी असते. रंगखात्यातले कामगार ते स्वतःच्या हातांना चोळत. त्याचा गंधकासारखा उग्र दर्प स्वयंपाकघरापर्यंत येई. हा सगळा खटाटोप रविवारच्या मिस्सासाठी. देवापुढे हात जोडायचे तर ते स्वच्छ हवेत, अशी त्यांची साधी श्रद्धा. पंजे उजळत, पण नखांच्या कडा कधीच उजळल्या नाहीत. त्या कडांवरून आम्ही मुले ओळखत असू, की या आठवड्यात कोणत्या रंगाचा लॉट चालला होता. आजीला तर आपल्या लेकाच्या हातांचा अभिमान होता. स्वतःच्या लाल लुगड्याचा पदर हाताच्या मुठीत चुरगाळून ती शेजारणीला म्हणायची, "बघ, कितीही धू. पक्का रंग!"

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि वडिलांचे हात पहिल्यांदाच पूर्णपणे उजळले. ते पुन्हा रंगखात्यात गेले नाहीत. पुढे १९९४ मध्ये, मी गोरेगावच्या सेमिनरीत शिकत असताना, मूत्राशयाच्या कर्करोगाने ते गेले. रुग्णालयातील डॉक्टरांनी त्यांचा पूर्वीचा व्यवसाय विचारला होता. मी सांगितल्यावर त्यांनी नुसती मान हलवली आणि कागदावर काही लिहिले. त्या मान हलवण्याचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातील कामगारांना होणाऱ्या याच रोगाकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले होते. बेंझिडीनसारख्या द्रव्यांपासून बनणाऱ्या काही ॲझो रंगांवर जर्मनीने निर्बंध घातले तेही १९९४ मध्येच. आपल्या सरकारने १९९७ मध्ये अशा अनेक रंगांच्या वापरास बंदी केली. वडिलांच्या बाबतीत रंग हेच कारण होते असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध करणे शक्य नाही. त्यांना विडीचेही व्यसन होते.

कामगारांनी हातांची चिंता केली. पाण्याची चिंता त्या काळी कोणीच केली नाही. गिरणीचे पाणी गटारात, गटाराचे समुद्रात. समुद्र मोठा, एवढेच सर्वांना ठाऊक.

आम्हा धर्मगुरूंचा रंगाशी रोजचा संबंध. आगमनकाळ व प्रायश्चित्तकाळ जांभळा, हुतात्म्यांचा लाल, सामान्यकाळ हिरवा, सणांचा पांढरा. यांतील जांभळ्याची कुळकथा मोठी रंजक आहे. प्राचीन जगात तो भूमध्य समुद्रातील शिंपल्यांपासून काढीत. पॉल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये त्याचा शोध घेण्यासाठी बारा हजार शिंपले फोडले, तेव्हा त्याच्या हाती जेमतेम १.४ ग्रॅम रंग लागला! राजेमहाराजेच तो वापरीत, यात नवल ते काय? प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै नगरात पौलाचे वचन ऐकून बाप्तिस्मा घेणारी लुदिया भेटते. ती थुवतीराची, जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. थुवतीरात रंगाऱ्यांचा संघ होता, असे तेथील शिलालेख सांगतात. म्हणजे युरोपात पौलाने बाप्तिस्मा दिलेली पहिली श्रद्धावंत रंगाच्या धंद्यातली! सेमिनरीत हा उतारा शिकताना मला वडिलांची नखे आठवत. तिच्या गावच्या नदीचा रंग कोणता होता, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

आणि रंगाच्या धंद्यात आपली पवित्र सभा अगदीच कोरडी राहिली असेही नाही. रंग धाग्यावर पक्का बसवायला तुरटी लागते. रोमजवळच्या टोल्फा डोंगरात १४६० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तुरटीचे मोठे साठे सापडले, तेव्हा पोपमहोदयांच्या राज्याने त्यांचा मक्ता घेतला आणि तुर्कांची तुरटी विकत घेणाऱ्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांना बहिष्काराची भीती घातली. धर्मयुद्धासाठी पैसा हवा होता. इतिहासाच्या तासाला आमचे प्राध्यापक हे सांगत आणि आम्ही हसत असू. पुढे माझ्यावर अशी वेळ येईल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

सन १८५६ मध्ये लंडनला विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून हिवतापावरचे क्विनाईन बनवायला गेला आणि त्याच्या भांड्यात तयार झाला जांभळा रंग. तेथून सारे पालटले. राजांचा रंग मोलकरणीच्या अंगावर आला. ही गोष्ट मला वाईट वाटत नाही. नैसर्गिक रंगांचा आज पुष्कळ उदोउदो चालतो. मंजिष्ठा, हिरडा, डाळिंबाची साल, नीळ. सुंदर रंग आहेत, खेड्यातल्या कारागिरांना त्यांतून भाकरी मिळावी. पण साऱ्या जगाचे कपडे त्यांनी रंगवायचे म्हटले तर धान्याची जमीन रंगाखाली जाईल. आणि निसर्गाचा रंग म्हणजे निष्पाप रंग, असेही नसते. नीळ पिकवण्यासाठी बंगालच्या रयतेवर मळेवाल्यांनी जे अत्याचार केले, ते सांगणाऱ्या 'नीलदर्पण' नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या अँग्लिकन मिशनरी पाद्रीला १८६१ मध्ये महिनाभर तुरुंगवास आणि हजार रुपये दंड झाला होता. पाद्री आमच्या पंथाचा नव्हता, पण त्याचे नाव मी आदराने घेतो. त्याला सही करायला वेळ लागला नाही.

मला लागला.

ही गोष्ट २००९ ची. वसईच्या परिसरातील एका धर्मग्रामात मी प्रमुख धर्मगुरू होतो. एका बाजूला जुन्या वाड्या, केळी, पानवेली, मोगरा. दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या गाळ्यांची औद्योगिक वसाहत. मधून वाहणारा नाला पुढे खाडीला मिळणारा. गाळ्यांत दोन-तीन रंगाईचे कारखाने. त्यांतला एक आमच्याच धर्मग्रामातील एका गृहस्थाचा. हा माणूस तरुणपणी गिरणीत हेल्पर होता. संपानंतर उपाशी राहिला, हातगाडीवर धागे रंगवले, हळूहळू डाइंग मास्टर झाला आणि मग स्वतःचा गाळा घेतला. चाळीस माणसे त्याच्याकडे कामाला. निम्मी आपली, बाकीची उत्तर प्रदेश आणि बिहारची. त्यात तो माझ्या वडिलांच्या गिरणीतला नसला तरी वडिलांच्या धंद्यातला. पहिल्या भेटीतच माझी नजर त्याच्या नखांवर गेली होती. चर्चच्या सभागृहाचे छप्पर गळत होते. त्याने न मागता अर्धा खर्च उचलला.

त्याच्याकडून मी रंगाईचे शास्त्र शिकलो. सुती कापडाला आज बहुधा रिॲक्टिव्ह रंग वापरतात. हे रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते धाग्याला नुसते चिकटत नाहीत, तर रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून पक्के. पण धाग्याकडे जायला त्यांना मीठ लागते आणि जोडले जायला सोडा ॲश. गडद छटेसाठी लिटरमागे साठ ते ऐंशी ग्रॅम मीठ. शंभर किलो कापडाला मशीनमध्ये आठशे लिटर पाणी घेतले, तर पन्नास-पंचावन्न किलो मीठ एका घाण्याला! "आणि फादर," तो म्हणाला, "सगळा रंग कापडाला लागतो थोडाच? शंभरातले साठ-सत्तर, फार तर नव्वद. बाकीचे पाण्याशीच लग्न लावून मोकळे होतात. मग त्यांना धुऊन काढा. गरम पाणी, साबण, परत पाणी. किलोमागे शंभर लिटर कुठेच गेले नाहीत." मीठ मात्र अजिबात कापडात राहत नाही. ते सगळेच्या सगळे नाल्यात.

डोंगरावरच्या प्रवचनातील मिठावर मी किती वेळा उपदेश केला असेल! त्या मिठाचा हा अवतार मला ठाऊक नव्हता. वाडीवाल्यांना तो ठाऊक झाला होता. नाल्याकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ झाले. पानवेली पिवळ्या पडून सुकल्या, मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी गळू लागल्या. माझ्याकडे आलेल्या वाडीवाल्या काकांनी अर्ज तयारच आणला होता. गावातल्या पन्नास जणांच्या सह्या झाल्या होत्या. "फादर, तुमची सही वर असली म्हणजे साहेब लोक वाचतील." मी म्हणालो, "बघतो, त्यांच्याशी आधी बोलतो." बोललोही. तो म्हणाला, करू काहीतरी. मी ते पुरेसे मानले. छपराचे काम चालू होते. असे एक वर्ष गेले.

आता जे लिहितो आहे, ते मी पापनिवेदनाखेरीज आजवर कोणाला सांगितलेले नाही. २०१० च्या आमच्या सणासाठी युवक मंडळाने चारशे टी-शर्ट हवेत म्हणून धरले. सर्वांनी एकाच रंगाचे घालायचे, गडद जांभळे, पाठीवर आश्रयदात्या संताचे नाव. वेळ आठ दिवसांचा आणि पैसे अगदी बेताचे. मीच त्याच गृहस्थाला बोलावले आणि मीच घासाघीस केली. तो म्हणाला, "या भावात धुलाई नीट होणार नाही, फादर." मी म्हणालो, "देवाचे काम आहे, सांभाळून घ्या." त्याने सांभाळून घेतले. सण थाटात झाला. मिरवणुकीत चारशे जांभळे टी-शर्ट, बिशपमहोदयांनी कौतुक केले.

सणानंतरच्या आठवड्यात वाडीवाले काका पुन्हा आले. या वेळी अर्जाला छायाचित्र जोडलेले होते. नाल्याचे, सणाच्या चार दिवस आधी काढलेले. नाला एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गडद जांभळा.

मी सही केली. छायाचित्राबद्दल एक अक्षर बोललो नाही.

तपासणी झाली, नमुने नेले आणि त्या एका कारखान्याची वीज तोडली गेली. बाकीच्यांची नाही, ती कथा वेगळी आहे आणि तिला येथे जागा नाही. चार महिने कारखाना बंद होता. चाळीस जणांपैकी परप्रांतीय निघून गेले, आपले घरी बसले. त्यांतला एक जण, माझ्या वडिलांच्या संपाच्या वेळच्या वयाचा, एका संध्याकाळी धर्मगुरुनिवासाच्या पायरीवर येऊन बसला. ओरडला नाही. म्हणाला, "पोरीची कॉलेजची फी भरायची होती, फादर. तुमच्या सहीच्या आदल्या महिन्यात मी तुमचेच टी-शर्ट धुतले." फी मी भरली. हे पुण्य म्हणून सांगत नाही. दुसरे काय करावे ते मला सुचले नाही, म्हणून भरली. कारखान्याचे मालक त्या चार महिन्यांत एकही रविवार न चुकता मिस्साला आले. चौथ्या बाकावर, डावीकडे. मला ते एका शब्दानेही बोलले नाहीत. ते छायाचित्र त्यांनीही पाहिले होते.

कारखाना पुन्हा सुरू झाला तो शुद्धीकरणाची छोटी यंत्रणा बसवून. चुना आणि हिराकस टाकायचा, रंग गाळाबरोबर खाली बसतो, वरचे निवळ पाणी सोडायचे. नाला स्वच्छ दिसू लागला. गावाने आभार मानले, वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. काकांची विहीर मात्र मचूळच राहिली. मला उशिरा उमगले, की चुन्याने आणि हिराकसाने रंग बसतो, मीठ बसत नाही. आम्ही सर्वांनी रंगाविरुद्ध तक्रार केली, कारण रंग दिसतो. जे दिसत नव्हते ते पूर्वीसारखेच वाहत होते, आणि आता तर त्याला ओळखायची खूणही राहिली नव्हती.

मीठ काढायचे कसे, हे मी २०१४ मध्ये तिरुप्पूरला पाहिले. कोइमतूरला एका अभ्यासवर्गासाठी गेलो होतो; तेथून दीड-दोन तासांवर. देशभरातले बनियन आणि टी-शर्ट जिथे बनतात ते हे शहर. नोय्यल ही कावेरीची उपनदी तेथून वाहते. खाली ओरतुपालयम येथे शेतीसाठी १९९२ मध्ये धरण बांधून पूर्ण झाले आणि त्यात साठले ते रंगाईचे खारे पाणी. धरणाचे पाणी सोडू नका, अशी मागणी शेतकऱ्यांनीच करावी, असे दुसरे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. प्रकरण न्यायालयात गेले. २००६ मध्ये आदेश झाला, तो पुरेसा पाळला गेला नाही, आणि २८ जानेवारी २०११ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने तेथील सातशेहून अधिक रंगाई कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. हजारोंचा रोजगार गेला. माझ्या एका सहीचे ओझे मला पेलवत नव्हते. त्या न्यायमूर्तींच्या मनात सही करताना काय असेल, असा विचार मी तेथे फिरताना करीत होतो.

हळूहळू सामूहिक शुद्धीकरण केंद्रे नव्या पद्धतीने उभी राहिली. रंग काढून झाल्यावर पाणी अतिसूक्ष्म पडद्यांतून दाबाने गाळतात. बहुतेक पाणी परत वापरण्याजोगे होते. उरलेले अतिखारट पाणी मोठ्या बंद भांड्यांत आटवतात, आणि शेवटी पांढरे स्फटिक हाती येतात. तेच मीठ पुन्हा रंगाईला. थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा नियम. मी ते मीठ मुठीत घेऊन पाहिले. पण तेथील अभियंत्याने प्रामाणिकपणे सांगितले, की पाणी आटवायला इंधन जाळावे लागते, खर्च प्रचंड येतो, आणि जे मिश्र मीठ निवडता येत नाही, त्याची पोती गोदामात रचून ठेवावी लागतात. ती कुठे टाकायची? मी पोत्यांची ती रास पाहिली. आमच्या सभागृहाच्या छपराएवढी उंच होती.

परत आल्यावर मी कारखान्याच्या मालकांकडे गेलो. सहीनंतर प्रथमच त्यांच्या घरी. छायाचित्राबद्दल क्षमा मागितली. त्यांनी चहा मागवला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "भाव तुम्हीच पाडला होता, फादर. पण माल मी घेतला होता." मग आम्ही तासभर रंगाईवर बोललो. आटवणीची यंत्रणा एकट्या लहान कारखान्याला परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे होते. मात्र कमी पाण्यात चालणारी मशीन आहेत, कमी मिठाचे रंग आहेत. आणि एक जुनी, साधी पद्धत आहे. कापड रंग व सोड्याच्या द्रावणातून पिळून काढायचे, रुळावर गुंडाळायचे, प्लास्टिकने झाकायचे आणि रात्रभर थंडच फिरत ठेवायचे. उष्णता नाही, मीठ मुळीच नाही. लागतो तो वेळ. पॉलिएस्टर तर पाण्याशिवाय, दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये रंगवण्याची यंत्रे परदेशात आली आहेत. पण त्यांची किंमत ऐकून आम्ही दोघेही हसलो. "रात्रभर ठेवायला गिऱ्हाईक कुठे थांबते, फादर? आठ दिवसांत चारशे हवे असतात." पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ मध्ये आले, तेव्हा त्याची एक प्रत मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचली की नाही, मी विचारले नाही. थंड रंगाईचे मशीन त्यांनी २०१६ मध्ये जुने विकत घेतले, हे मात्र मला कळले. तोवर माझी बदली झाली होती.

मागल्या नाताळात ते भेटायला आले. आता थकले आहेत. निम्मा माल थंड पद्धतीने काढतात, गडद बनियन-कापडाला अजूनही मीठ लागतेच. मुलाला धंद्यात रस नाही. गाळा गोदामाला द्यावा म्हणतो. मी काकांच्या विहिरीबद्दल विचारले.

"वाडी विकली त्यांच्या पोरांनी. विहीर बुजवली. इमारत उभी राहतेय."

त्या सकाळी मावशीला मी बादली ओतू दिली नाही. अंगणाच्या कोपऱ्यात उन्हात ठेवायला सांगितली. पाणी आटायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात डास झाले म्हणून मावशीने दोनदा तक्रार केली, तेव्हा वर फडके बांधले. झावळ्यांच्या आठवड्यात पाहिले, तर तळाशी जांभळा थर आणि कडांना किंचित पांढुरके कण. खरवडून कागदाच्या पुडीत बांधले. पुडी सॅक्रिस्टीच्या खालच्या खणात आहे. ती कुठे टाकावी, हे मला अजून कळलेले नाही. पुनरुत्थान-सणाच्या आधी मावशीने खण आवरताना ती उचलून विचारले, "फादर, ही धुपाची का?" मी नाही म्हणालो. तिने ती परत जागेवर ठेवली.